भावकी, सातबारा आणि शेअर : मगरपट्ट्याच्या उद्योगाचं प्रकरण

पुण्यात उद्योजकतेवर बोलणं निघालं की मगरपट्टा सिटीचं नाव येतंच. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि त्याच जमिनीवर घरं, कार्यालयं, शाळा, बागा असं आखीव शहर उभं केलं. ही हकिगत बहुतेक वेळा एका माणसाच्या दूरदृष्टीची म्हणून सांगितली जाते. या उपक्रमाचं नेतृत्व करणारे सतीश मगर यांचं कर्तृत्व मोठं आहेच, त्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण तेवढंच सांगितलं की ऐकणाऱ्या तरुणाच्या मनात चुकीचं गणित बसतं : हिंमत आणि कल्पना असली की झालं.

मला हे प्रकरण दुसऱ्या बाजूनं मांडायचं आहे. १२० घरांनी एका व्यवहाराला होकार द्यावा, यासाठी त्यांच्या अंगणात आधी काय काय तयार होतं? कालव्याचं पाणी, मालकीचा सातबारा, एक आडनाव, सहकाराची दोन पिढ्यांची सवय आणि मुंबईत मंत्रालयापर्यंत पोचणारी ओळख. यातलं काहीच त्या १२० कुटुंबांनी 'उद्योजक' होण्यासाठी मुद्दाम कमावलेलं नव्हतं. ते त्यांना समाजाकडून, इतिहासाकडून मिळालेलं होतं. उद्योग त्यावर उभा राहिला.

नकाशावरचा रंग बदलला तेव्हा

हडपसर हे सोलापूर रस्त्यावरचं, पुण्याच्या पूर्वेचं गाव. ऊस, भाजीपाला, मळे. पन्नास-साठच्या दशकांपासून आसपास कारखाने आले : किर्लोस्कर न्यूमॅटिक, शेजारी मुंढव्यात भारत फोर्ज, १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट. शहराच्या पलीकडच्या टोकाला पिंपरी-चिंचवडमध्ये तर गावंच्या गावं औद्योगिक वसाहतीत गेली. त्यामुळे हडपसरच्या शेतकऱ्याला शहर म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जमीन गेली, त्या वेळच्या दरानं पैसे आले, ते घर बांधण्यात, लग्नकार्यात, गाडीत संपले आणि पोरगा त्याच कारखान्यात कंत्राटी कामाला लागला, अशी घरं सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांनी पाहिलेली होती. पुढे ज्यांना पुण्यात गुंठामंत्री म्हणू लागले, त्यांचीही सुरुवात अशीच गुंठ्यागुंठ्यानं विकण्यातून झाली.

ऐंशीच्या दशकात पुण्याचा नवा विकास आराखडा आकाराला येऊ लागला आणि हा पट्टा आज ना उद्या शहरात जाणार हे दिसू लागलं. इथे एक कायदा समजून घ्यावा लागतो, नाहीतर या शेतकऱ्यांची घाई आणि भीती कळत नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. पुण्यासारख्या शहरात एका कुटुंबाला मोकळी जमीन ठेवण्याची मर्यादा होती १००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दहा गुंठे. शेतीखालची जमीन यातून सुटत होती, पण आराखड्यात तिचा वापर शेतीव्यतिरिक्त दाखवला की ती सूटही जात होती. वरची जमीन सरकारजमा होऊ शकत होती आणि तिचा मोबदला चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये. ज्वारी-ऊस पिकवणारा पाच एकरांचा मालक नकाशावरचा हिरवा रंग पिवळा झाला की कायद्याच्या लेखी 'अतिरिक्त जमीनधारक' होणार होता. महाराष्ट्रात हा कायदा रद्द झाला तो थेट २००७ मध्ये.

अशा वेळी शेतकऱ्यापुढे वाटा ठरलेल्या असतात. बिल्डरकडून इसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, घेऊन त्याला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार, लिहून द्यायचं. किंवा गुपचूप गुंठेवारी पाडून विकायची. किंवा जे होईल ते होईल म्हणून शेती करत राहायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मगरपट्ट्यातून चौथा प्रस्ताव आला : सगळ्यांनी मिळून आपणच शहर बांधायचं. १९९३ मध्ये तो तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांच्यापुढे मांडला गेला. प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं २००० मध्ये. मधल्या काळात परवानग्या, आराखडे, वास्तुरचनाकार हफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडून रचना आणि या सगळ्याहून कठीण काम, म्हणजे घराघरात बसून लोकांना राजी करणं.

त्या मधल्या वर्षांबद्दल फार कमी बोललं जातं. उद्योगात वाट पाहावी लागते आणि वाट पाहायला पैसे लागतात. ते कुठून आले? उत्तर साधं आहे : शेतातून. जमीन कंपनीत जाणार हे ठरलं तरी ती पडीक नव्हती. कालवा वाहत होता, पीक निघत होतं, चूल पेटत होती. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं आणि मुठा उजव्या कालव्यानं हडपसर, लोणी, उरुळी हा सगळा पूर्वेकडचा पट्टा बागायती केला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी लष्कराच्या छावणीसाठी, शहरासाठी आणि शेतीसाठी आणलेलं पाणी विसाव्या शतकाच्या शेवटी १२० कुटुंबांच्या धीराचं भांडवल ठरलं. कोरडवाहू शेतकऱ्याला हीच कल्पना कुणी सुचवली असती, तर तो पहिल्या दुष्काळात इसाराच्या रकमेला हात लावून बसला असता. त्यात त्याची काही चूक नसती. त्याच्याकडे थांबण्याची सोय नाही, एवढंच.

भावकीनं काय दिलं

या कुटुंबांतली बहुतेक मराठा शेतकरी, मगर आडनावाची. एकाच भावकीतली. यावरून अनेकजण पटकन म्हणतात की नात्यातली माणसं होती, म्हणून एकत्र आली. ज्यानं गावात चार वर्षं काढली आहेत तो असं म्हणणार नाही. भावकी म्हणजे बांधाचे वाद, दिवाणी दावे, वाटपावरून अबोला. महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांतली किती प्रकरणं भाऊबंदकीची असतात हे कुठल्याही वकिलाला विचारावं. नातं असलं की विश्वास असतोच असं नाही.

भावकी जे देते ते वेगळं. एक म्हणजे माहिती. कुणाचा सातबारा स्वच्छ आहे, कुणाच्या जमिनीवर सोसायटीचा बोजा आहे, कुणाची बहीण अजून नावावर आहे, कुणाचं खातेफोड, म्हणजे एकत्र खात्याची वाटणी, झालेली नाही, कुणी आधीच कुणाला साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, लिहून दिलंय, हे सगळं आत सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरच्या विकसकाला हे कळायला वकील, शोध अहवाल आणि वर्षं लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे पळून जाता येत नाही. ज्यानं शब्द मोडला त्याला पुढच्या लग्नात, दशक्रियेला, जत्रेत त्याच माणसांसमोर उभं राहावं लागतं. कोर्टाची तारीख टाळता येते, भावकीतलं तोंड टाळता येत नाही. करारनाम्याला जे बळ न्यायालय देतं त्याहून जास्त बळ या रोजच्या भेटीगाठींनी दिलं, असं मला वाटतं.

खरी कसोटी शेअर वाटपाची होती. रस्त्याला लागून असलेला एकर आणि आत ओढ्याच्या काठचा एकर यांचा बाजारभाव एक नसतो. बिल्डरनं जमीन घेतली असती तर रस्त्यालगतच्याला जास्त, आतल्याला कमी मिळालं असतं आणि तिथेच एकी फुटली असती. इथे शेअर ठरले ते क्षेत्राच्या प्रमाणात. जितकी जमीन तितका हिस्सा. आणि शेअर विकायचा तर आतल्याआतच, बाहेरच्याला नाही. रस्त्यालगतच्या मालकानं हे का मान्य करावं?

याला आपल्याकडच्या वाटपाची रीत कारण असावी असं मी मानतो. भावाभावांत जमीन वाटली जाते तेव्हा साधारणपणे एकाला सगळी चांगली आणि दुसऱ्याला सगळी हलकी असं करत नाहीत. विहिरीजवळच्या तुकड्यात सगळ्यांचा वाटा, माळावरच्या तुकड्यातही सगळ्यांचा वाटा. शेतीतज्ज्ञ या तुकडीकरणाला नावं ठेवतात आणि पीक काढायच्या दृष्टीनं ते खरंही आहे. पण त्या रिवाजात एक न्यायाची समजूत आहे : एकाच मूळ पुरुषाची जमीन, तिच्या बऱ्यावाईटात सगळे सारखे. क्षेत्राप्रमाणे शेअर हा हिशेब कागदावर नवा होता, पण अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला तो परका वाटण्याचं कारण नव्हतं.

'शेअर' हा शब्दही परका नव्हता. पश्चिम महाराष्ट्रात शेतकऱ्याला कंपनी माहीत नसेल, पण शेअर माहीत असतो. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा शेअर, दूध संघाचा शेअर, साखर कारखान्याचा शेअर. प्रवरेचा पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी तिथे पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे होते. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत ऊसवाल्या शेतकऱ्यानं सर्वसाधारण सभेला जाणं, अहवाल वाचून घेणं, संचालकाला शिव्या देणं, पॅनेल पाडणं हे सगळं शिकून घेतलं होतं. थेऊरचा यशवंत कारखाना याच पट्ट्यातला. आपला ऊस घालायचा, उचल घ्यायची, अंतिम दराची वाट पाहायची. माल आज दिला आणि पैसे टप्प्याटप्प्यानं आले तरी चालतं, ही सवय तिथे लागली होती. जमीन देऊन तिचा परतावा वर्षानुवर्षं विक्री आणि भाड्यातून घेण्याची तयारी याच सवयीतून आली. सहकारी कारखान्यांवर टीका करायला जागा भरपूर आहे आणि ती करायलाच हवी. पण एखाद्या संस्थेनं लोकांना जे शिकवलं ते संस्था बुडाली तरी मागे उरतं, हे मगरपट्ट्यात दिसतं.

मंत्रालयाची वाट

सतीश मगर कृषी पदवीधर. शेतकरी घरातले आणि शिकलेले, म्हणजे बांधावरही बोलू शकणारे आणि आर्किटेक्टच्या टेबलावरही. पण या प्रकरणात त्यांचं घराणं बाजूला ठेवून चालत नाही. अण्णासाहेब मगर हे त्यांचे चुलते. पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष, १९७७ मध्ये खेड मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. हडपसरचं महाविद्यालय त्यांच्या नावानं आहे. ज्या माणसानं गावांचं औद्योगिक नगर होताना खुर्चीत बसून पाहिलं, त्याच्या घरात पुतण्या वाढला. जमिनीचा वापर कसा बदलतो, फाईल कुठे अडते, कुणाला भेटावं लागतं, हे ज्ञान या घराला उपजत होतं म्हटलं तरी चालेल.

राज्यात विशेष नगर वसाहतींचं धोरण नंतर आलं. मगरपट्ट्याच्या वेळी शेतकऱ्यांनी मिळून नगर उभारायचं तर त्यासाठी तयार चौकट नव्हती, ती शासनाकडून काढून घ्यावी लागली. एखाद्या अनोळखी शेतकऱ्याचा असा अर्ज कुठल्या टेबलावर पडून राहिला असता याचा अंदाज कुणालाही करता येईल. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. उलट, मिळालेली ओळख स्वतःची पाच एकर जमीन बिनशेती करून घेण्यात न वापरता सगळ्या भावकीसाठी वापरली गेली, ही या प्रकरणातली सगळ्यात आदर वाटावी अशी गोष्ट आहे. पण ओळख होती, आणि ती जात, वर्ग आणि पक्ष यांच्या त्या काळच्या रचनेतून आली होती, हे लिहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

नशीबही होतं. बांधकाम सुरू झालं आणि पुण्यात माहिती तंत्रज्ञानाची लाट आली. मगरपट्ट्यातल्या सायबरसिटी या कार्यालयांच्या संकुलाला भाडेकरू मिळाले. कार्यालयांची जागा सगळी विकून न टाकता भाड्यानं देण्याचा निर्णय हा मात्र नशिबाचा नव्हता, तो शेतकऱ्याचा होता. जमीन विकायची नाही, तिचं उत्पन्न खायचं, ही धारणा इथे इमारतीला लावली गेली.

शेतकऱ्याचा ठेकेदार होताना

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं आपण म्हणत आलो. शेतीत राम राहिला नाही हे ठाऊक असूनही शेतकरी घरात गल्ल्यावर बसणं, माल विकायला दारोदार जाणं, उधारी मागणं याला एक प्रकारची लाज चिकटलेली असते. व्यापार हे दुसऱ्या जातींचं काम, अशी समजूत पिढ्यानपिढ्या घट्ट होती. भांडवल नसण्यापेक्षा ही लाज जास्त अडवते. ती बोलून दाखवली जात नाही, म्हणून कर्ज योजनांच्या अर्जात तिचा रकानाही नसतो.

मगरपट्ट्यात ती कशी सुटली? कंपनीला खोदकाम करणारे, माती-मुरूम वाहणारे, विटा-वाळू पुरवणारे, बागा राखणारे लोक हवे होते. ही कामं शेतकरी कुटुंबांतल्या मुलांना द्यायची, त्यांना त्यासाठी शिकवायचं, असं धोरण ठेवलं गेलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला डंपर परका नाही. मळ्यात रोपं लावणाऱ्याला लॉन आणि नर्सरी परकी नाही. मजुरांची टोळी लावून ऊसतोड करून घेणाऱ्याला बिगाऱ्यांचा हिशेब परका नाही. शेतीतली कसबं दुसऱ्या नावानं उपयोगी पडली.

यातही सगळ्यात मोलाचं होतं पहिलं गिऱ्हाईक. नव्या धंद्याला मरण येतं ते पहिल्या दोन वर्षांत काम न मिळाल्यानं किंवा काम करून पैसे अडकल्यानं. इथे काम देणारी कंपनी स्वतःचीच होती. चुका करायला जागा होती, बिल बुडण्याची भीती कमी होती. आणि लाजेचा प्रश्न असा सुटला की तो दारोदार जाणारा विक्रेता झालाच नाही, तो आपल्याच जमिनीवर काम करणारा मालक राहिला. इज्जत शाबूत ठेवून धंदा बदलता आला. उद्योजकता प्रशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांनी व्यवसाय आराखडा लिहायला शिकवण्याआधी हे नीट पाहावं, असं मला कळकळीनं वाटतं. महाराष्ट्रातल्या शेतकरी मुलाला बहुतेक वेळा आराखडा नको असतो. त्याला पहिली ऑर्डर हवी असते, आणि ती घेताना घरच्यांसमोर मान खाली जाणार नाही अशी जागा हवी असते.

सातबारा नसलेल्यांचं काय

या योजनेत प्रवेशाची अट एकच होती : नावावर जमीन. ती कुणाच्या नावावर असते?

१९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्या कुळाला मालक केलं. सामाजिक दृष्टीनं हा फार मोठा बदल होता आणि मध्यम मराठा, माळी, धनगर शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन त्यानं पक्की केली. पण शेतमजूर कूळ नव्हता. त्याला काही मिळालं नाही. शिवाय आपल्या कायद्यानुसार जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे सातबारा हा साधारणपणे जन्मानं मिळतो. महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या, जमिनींची गोष्ट आणखी वेगळी. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली, जमिनी परत दिल्या गेल्या, पण नवीन शर्तीनं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की शेजारच्या शेतकऱ्याला जी जमीन कंपनीत घालता येते, गहाण ठेवता येते, ती वतनदाराला सहजी बाजारात आणता येत नाही. एकाच शिवारातल्या दोन एकरांना दोन वेगळी आयुष्यं.

बायकांचंही तेच. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या कितीतरी आधी. पण त्या कायद्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या. आणि ज्या बसत होत्या त्यांना रक्षाबंधन आणि हक्कसोडपत्र यांतलं काय निवडायचं हे गावानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जमिनीला भाव येतो तेव्हा बहिणीची सही सगळ्यात आधी आठवते. पुण्याच्या चारही बाजूंच्या गावांत हे चाललेलं आहे. जमिनीतून उद्योजक तयार होत असतील, तर ज्यांची सही घेऊन नाव कमी केलं त्या बहिणी त्या उद्योगाच्या पहिल्या, बिनव्याजी भांडवलदार आहेत.

इथे मगरपट्ट्याचा प्रस्ताव मांडला गेला त्याच वर्षातली दुसरी घटना शेजारी ठेवावीशी वाटते. १९९३ मध्येच पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची पहिली परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव तिच्या पाठीशी होते, एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या होत्या. सभासद बहुतेक दलित बायका, त्यातल्या अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली. त्यांच्याकडेही एक प्रकारची भावकी होती : वस्ती, जात, एकाच भंगारवाल्याकडे घातलेला माल. पण सामायिक मालमत्ता कोणती? कचरा. त्यावर हक्क सांगायला त्यांना ओळखपत्रं मिळवावी लागली, ती महापालिकेकडून मान्य करून घ्यावी लागली. तो त्यांचा सातबारा. पुढे त्यांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी केली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम घेतलं. घरटी शुल्क आणि भंगाराची विक्री यातून उत्पन्न. माझ्या मते ही मगरपट्ट्याइतकीच अस्सल उद्योजकता आहे.

फरक वारशात आहे. एका गटाला वारशानं जी वस्तू आली तिची किंमत शहर जवळ येईल तशी वाढत गेली. दुसऱ्या गटाला जे काम आलं त्याला जातीचा विटाळ चिकटला होता, आणि त्यात पैसा दिसू लागला तेव्हा गाड्या घेऊन कंत्राटदार पुढे आले. मगरांना शेअर बाहेर विकायचा नाही असं आपसांत ठरवून कुंपण घालता आलं. वेचक बायकांना आपलं काम आपल्याकडे राहावं यासाठी कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी नव्यानं भांडावं लागलं. एकाच शहरातले, एकाच काळातले हे दोन सामुदायिक उद्योग. व्यवस्थापनाच्या वर्गात मगरपट्टा शिकवला जातो, आणि 'स्वच्छ' बहुतेक वेळा समाजकार्याच्या वर्गात. हा भेद मला मान्य नाही.

नक्कल कुठे जमली, कुठे फसली

सिंहगड रस्त्यावर नांदेड गावात सुमारे ७०० एकरांवर नांदेड सिटी उभी राहिली, त्याच नेतृत्वाखाली आणि त्याच पद्धतीनं. तिथे मगरांची भावकी नव्हती. तिची जागा एका उदाहरणानं भरून काढली. हडपसरला जाऊन डोळ्यांनी पाहता येत होतं, तिथल्या सोयऱ्याला विचारता येत होतं, 'पैसे खरंच येतात का रे?' पहिल्या वेळी नात्यानं जे काम केलं ते दुसऱ्या वेळी पुराव्यानं केलं.

खेड तालुक्यातल्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, मात्र वेगळं घडलं. तिथेही शेतकऱ्यांना भागधारक करायची कल्पना होती. जमीन औद्योगिक महामंडळामार्फत संपादित झाली, १५ टक्के विकसित जमिनीचा परतावा ठरला आणि तो एका कंपनीत शेअर म्हणून एकत्र केला गेला. कागदावर मगरपट्ट्याशी साम्य दिसतं. क्रम मात्र उलटा. मगरपट्ट्यात आधी लोक बसले, मग कंपनी झाली, मग जमीन तिच्याकडे गेली. खेडला आधी जमीन गेली, मग कंपनी आली, आणि शेतकऱ्याला आपण तिचे मालक आहोत हे शेवटी सांगण्यात आलं. परतावा जमिनीच्याच रूपात द्या, म्हणून तिथे वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. शिवाय तो भाग बराचसा कोरडवाहू. वाट पाहायला कालवा नव्हता.

आता पुण्याभोवती रिंग रोड, म्हाळुंगे-माणसारख्या नगररचना योजना, पुरंदरचा विमानतळ असे विषय निघालेत आणि प्रत्येक गावात कुणीतरी म्हणतं, 'आपणही मगरपट्ट्यासारखं करू.' तिथल्या पंचमंडळींनी आर्किटेक्ट गाठायच्या आधी एक रात्र गावाचे सातबारे उघडून बसावं. किती जमिनींवर दावे आहेत, किती जणांनी आधीच इसार घेतलाय, किती वतनाच्या, किती बहिणींच्या सह्या राहिल्यात, आणि दोन-चार वर्षं एक रुपया आला नाही तर किती घरं तग धरतील. त्या यादीवरून पुढचं बरंच कळेल.

मगरपट्ट्यापुढेही नवा प्रश्न आहेच. पहिल्या पिढीनं जमीन वाटली जाऊ नये म्हणून ती शेअरमध्ये बदलली. पण शेअरही वारसांत वाटले जातात. एका आजोबांचा हिस्सा दोन मुलांत, मग पाच नातवंडांत. बांध कोरता येत नाही, मोजणी आणावी लागत नाही, हे खरं. मात्र ही नातवंडं एका मळ्यात वाढलेली नाहीत, त्यांनी पाटाच्या पाळीवरून भांडणंही केलेली नाहीत आणि सुगीत एकमेकांचं कामही केलेलं नाही. काही पुण्यात, काही परदेशात. सुरुवातीच्या इमारतींना आता पंचवीस वर्षं होत आली. त्या पाडून नव्या बांधायच्या की भाडं घेत राहायचं, नवा प्रकल्प घ्यायचा की लाभांश वाटून मोकळं व्हायचं, हे निर्णय याच नातवंडांना करायचे आहेत, आणि त्यांच्यातले बरेचजण एकमेकांना वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेलाच भेटणार आहेत.